एकाच गणवेशातले चार घोडेस्वार

माझ्याकडे एकशे चाळीस सैनिक होते आणि लढायला समोर कुणीच नव्हतं. बोटाच्या दोन पेरांएवढे, बरेचसे प्लास्टिकचे, काही धातूचे. भालेवाले, धनुर्धारी, एक तोफ आणि तिचे चार गोलंदाज, शिवाय घोड्यावर बसलेला एक सेनापती, ज्याचा झगा रंगवायला मला तीन रविवार लागले होते. हा एक खेळ आहे. दोघांनी आपापलं सैन्य टेबलावर मांडायचं, टेपनं अंतर मोजून पुढे सरकवायचं, आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. सैन्य रंगवलेलं मिळत नाही. खोक्यात राखाडी तुकडे मिळतात, ते कापून, चिकटवून, रंगवून आपणच उभे करायचे. त्या काळी चेन्नईत हा खेळ खेळणारा दुसरा माणूस मला ठाऊक नव्हता. असता तरी मी त्याला ओळख दिली असती की नाही शंकाच आहे, कारण मला या सगळ्याची लाज वाटायची.

कंपनीनं मला आठ महिने इंग्लंडला पाठवलं होतं, तिथे हे लागलं. ऑफिसच्या गल्लीत एक दुकान होतं. दर शनिवारी तिथे टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, चांगले नोकरीधंद्याचे पुरुष एका लांब टेबलाभोवती वाकून उभे असायचे आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. त्यातल्या एकानं मला ब्रश धरायला शिकवलं. रंग पाण्यासारखा पातळ करून घड्यांमध्ये सोडायचा म्हणजे सावली पडते, उंचवट्यांवर फिकट रंग नुसता टेकवायचा म्हणजे उजेड पडतो. मी सांगलीचा, दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडण्यात वाढलेला. मला हे लागणारच होतं.

परत आल्यावर मात्र पंचाईत झाली. सत्ताविशीतला इंजिनिअर बाहुल्या रंगवतो हे सांगायचं कुणाला? आईनं सुट्टीत माझी बॅग उघडली, तेव्हा ती ऑफिसच्या कामाची मॉडेलं आहेत असं सांगून मी सुटलो. आमच्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात अशी रीत होती की परदेशातून परत येणाऱ्याला प्रत्येकानं आपली यादी द्यायची. कुणी अत्तर मागवायचं, कुणी कॅमेरा. मी 'भाच्यासाठी खेळणी' मागवायचो. मला भाचा नाही. एकानं खोकं माझ्या हातात देताना विचारलं, केवढा आहे रे भाचा? मी म्हटलं, सात वर्षांचा. दीड-दोन वर्षांनी दुसऱ्यानं विचारलं, तेव्हाही तो सातच वर्षांचा होता. खोटं बोलणं मला तिथपासून अंगवळणी पडलं असं आता वाटतं. कुणाचं नुकसान होत नाही ना, मग काय बिघडलं, अशी मी स्वतःची समजूत घालायचो.

मी अड्यारला एका जुन्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. खाली घरमालक, दोघंच, साठीच्या पुढचे. त्यांचे मराठी पूर्वज कोणे एके काळी तंजावरला आले ते तिकडचेच झाले. सगळी गल्ली त्यांना मामा-मामी म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. मामा आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. मामी शाळेत शिक्षिका होत्या, त्या दोघांच्या वाटचं बोलायच्या.

एका शनिवारी दुपारी मी गच्चीवर दहा-बारा सैनिकांना प्रायमर मारत होतो, म्हणजे रंगाआधीचा पांढरा हात. तो फवाऱ्याच्या डब्यातून येतो आणि चेन्नईच्या दमट हवेत दाणेदार होतो, सैनिकांच्या अंगावर रवा टाकल्यासारखा. त्यामुळे मी रणरणत्या उन्हाची वाट बघायचो. मामीही उन्हाचीच वाट बघत असाव्यात, कारण त्या नेमक्या वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळत घालायला वर आल्या. लपवायला वेळच नव्हता. त्यांनी ताट खाली ठेवलं, शेजारी सुकत असलेला माझा रंगवून झालेला सेनापती उचलला आणि चष्म्याजवळ नेला.

"अय्यो, हें अस्कं तू केलास की? इतकुसे बोम्मै! यांस डोळे कसे काढलास रे?"

बोम्मै म्हणजे बाहुल्या. त्यांचं अस्कं म्हणजे आपलं सगळं. मी भाचा सांगणार होतो, पण त्या हसत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत निव्वळ कौतुक होतं. नवरात्रात त्यांच्याकडे कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर पांढरं धोतर अंथरून नऊ दिवस बाहुल्या बसवतात, संध्याकाळी शेजारणी बघायला येतात, त्यांना हळदकुंकू आणि वाटीभर सुंदल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, देतात. तेव्हा मोठ्या माणसानं बाहुली हातात धरून तिच्या नाकाडोळ्यांची चर्चा करणं यात त्यांना काहीच विचित्र वाटलं नाही. "तू कोलू कोठें ठेवतोस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खोक्यात. त्यांना फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी कलाकार झालो. खरं सांगायचं तर मी बेताचाच होतो. इंग्लंडमधल्या शौकिनांची एक वेबसाइट होती, तिथे लोक आपापलं काम दाखवत. माझ्या फोटोंखाली एखाददुसरं 'छान' पडायचं, तेही नवख्याला द्यायचं म्हणून. खाली मामी मात्र दूधवाल्यालासुद्धा सांगत, वरच्या मुलाचा हात पाहा. ते ऐकून मी फुगलो होतो.

भाद्रपदात एके रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर जुन्या साडीच्या घडीत चार घोडेस्वार ठेवले होते. भाजक्या मातीचे, वीतभर उंच, चारही एकाच साच्यातले. तेच घोडे, तीच पागोटी, तीच कमरेला तलवार. वेगळे होते ते अंगरख्यांचे रंग आणि चेहरे. हे मामींच्या वडिलांनी, अप्पांनी रंगवलेले. ते तंजावरला चित्रकला शिकवत. त्यांनी आठ घोडेस्वार आणले आणि घरातल्या आठ पुरुषांचे चेहरे त्यांना दिले. अप्पा गेल्यावर भावाबहिणींत चार-चार वाटले गेले. चार तंजावरला थोरल्या भावाकडे, अण्णांकडे, आणि चार इथे. मामींनी एकेकावर बोट ठेवून सांगितलं, हे थोरले काका, हे धाकटे काका, हे त्यांच्या आईचे भाऊ, आणि हे अप्पा स्वतः. काकांपैकी कुणाचाच फोटो उरला नव्हता. अप्पांचा एक होता, तो वाळवीनं खाल्ला.

आता अण्णा येणार होते. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, एकट्या पुरुषानं कोलू काय मांडायचा, म्हणून ते आपले चार बहिणीला द्यायला घेऊन येणार होते. तीस-बत्तीस वर्षांनी आठही एका पायरीवर बसणार होते. मामी हे सांगताना दोनदा उठून पाणी प्यायल्या. फक्त एका घोड्याचा पुढचा पाय तुटला होता, धाकट्या काकांच्या. तेवढा मी नीट करून द्यावा.

"पाय तेवढा लाव. रंग कोठें उडाला असेल तर जरा लाव," त्या म्हणाल्या. "तोंडास मात्र हात लावूं नको. तोंडें अप्पांनी काढलेलीं."

मी म्हटलं, "नाही लावणार, मामी." इतकं साधं वचन होतं.

पाय झकास झाला. दोन कांड्या एकत्र मळून करायची पुट्टी असते, तिचा मी खूर घडवला, गुडघा घडवला, अगदी शीर काढली. पण रंगवल्यावर तो नवा पाय जुन्या घोड्यावर उसना वाटायला लागला, म्हणून मी सगळा घोडा रंगवला. मग घोड्यावरचा अंगरखा मळका दिसायला लागला, म्हणून तोही. चेहरा तेवढा राहिला. मी फोटो काढला आणि वेबसाइटवर टाकला: 'दक्षिण भारतातला जुना मराठा घोडेस्वार, दुरुस्ती चालू.' दोन दिवसांत वीसेक उत्तरं आली. मला आजवर कधी वीस उत्तरं आली नव्हती. ऑफिसात मी दर पंधरा मिनिटांनी ते पान उघडून बघत होतो. लोक घोड्याची तारीफ करत होते, खुराची करत होते. आणि ज्याच्या कामाला मी मनातल्या मनात गुरुस्थानी मानायचो त्या माणसानं लिहिलं की घोडा अप्रतिम आहे, चेहऱ्यानं मात्र घात केला, डोळे विदूषकासारखे वटारलेले आहेत.

मला राग यायला हवा होता. मला लाज वाटली, आणि ती अप्पांच्या चित्रकलेची.

त्यानंतर मी जे केलं त्याला चूक म्हणायची माझी प्रवृत्ती आहे. पण चूक नकळत होते. मी शुक्रवारी येताना औषधाच्या दुकानातून जखमा धुवायच्या जंतुनाशकाची मोठी बाटली आणली. आम्हा रंगवणाऱ्यांत ही ठरलेली युक्ती आहे, काम बिघडलं की सैनिकाला त्यात बुडवून ठेवायचं, जुना रंग सुटतो. मातीच्या बाहुलीवर ते कुणी करत नसेल, पण मी आधी एकाच्या बुडाखाली थोडं लावून पाहिलं होतं, म्हणजे मी अगदी काळजीपूर्वक वागत होतो! एकट्या धाकट्या काकांना बदलून भागणार नव्हतं. चौघं एका रांगेत बसणार, तर चौघं एकसारखे हवेत. आमच्या खेळात एक तुकडी म्हणजे एक गणवेश, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं की मामींच्या घरातली चार माणसं मला एका तुकडीचे चार शिपाई दिसायला लागली. बादलीत चौघांना आडवं ठेवलं आणि वरून ते तपकिरी औषध ओतलं.

शनिवारी सकाळी न्हाणीत बसून जुन्या दातांच्या ब्रशनं मी त्यांना घासलं. रंग सालीसारखा निघाला. थोरल्या काकांच्या मिशा आधी गेल्या. मग डोळे. एकाच्या कपाळावर अप्पांनी बारीक आठी काढली होती, ती मला त्या दिवसापर्यंत दिसलीच नव्हती. ब्रश फिरवताना दिसली आणि पुढच्याच हाताला गेली. मी थांबलो नाही. चौघंही कोरे झाल्यावर त्यांना वर्तमानपत्रावर उन्हात पालथे घातले, आणि मग कोण कुठला ते मला सांगता येईना. पुट्टीच्या पायावरून धाकटे काका तेवढे ओळखता येत होते.

तेव्हा मी चौघांना उलटसुलट करून एखादी खूण शोधली, हे खरं आहे. पण फार वेळ शोधली नाही, कारण समोर चार कोरे घोडेस्वार होते आणि माझ्याकडे दोन रविवार होते. मी त्यांना गडद निळे अंगरखे दिले, लाल कमरबंद, खुरांना चिखल. चेहरे मला येत होते तसे काढले: खोल डोळे, करपलेली कातडी, ओठ घट्ट मिटलेले. लढाईहून आलेली माणसं. माझ्या आयुष्यातलं तोवरचं सर्वांत चांगलं काम होतं ते. वेबसाइटवर एकशे दहा उत्तरं आली. त्या गुरुस्थानी असलेल्या गृहस्थानं लिहिलं, आता कुठे चेहरे जिवंत झाले.

मी त्यांना खाली घेऊन गेलो तेव्हा मामी वाटाणे निवडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. चारही पाहून झाले. मग त्यांनी विचारलं, "तोंडें?"

जिन्यावरून उतरताना माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. तोंड उघडलं आणि ते आपसूक आलं. मी म्हणालो, "मामी, रंग फार जुना होता. धूळ पुसायला ओलं फडकं लावलं तर आपोआप सुटायला लागला. चौघांचाही. मग नवीन काढण्यावाचून इलाजच नव्हता." वर हेही म्हणालो की मला फार वाईट वाटलं.

त्यांनी वाटाण्यांचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "चूक माझी रे. इतकीं वर्षें स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलें. वाफ लागून रंग गेला असेल. अप्पा असते तर मज रागावले असते." आणि थोड्या वेळानं, "तू किती कष्ट घेतलास. दोन रविवार तुझे गेले." त्यांनी मला कॉफी करून दिली. मी ती प्यायलो, अगदी शेवटच्या घोटापर्यंत.

मामा दाराशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी जिना चढायला लागलो तसे ते मागोमाग आले. दोन पायऱ्या खाली थांबून म्हणाले, "मी कारखान्याच्या पेंट शॉपांत बत्तीस वर्षें होतों. रंग असा आपोआप सुटत नाहीं. घासून काढावा लागतो." मी पुढची पायरी चढलो. "न्हाणींतून औषधाचा वासही येत होता," ते म्हणाले. "तूंच सांग तिज. मी सांगणार नाहीं." आवाजात राग नव्हता. त्यांनी मला संधी दिली होती, एखाद्या हुशार कारागिराला देतात तशी, आणि ते खाली निघून गेले.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी दुपारी अण्णा आले. मामींसारखंच नाक, हातात कंप, काखेत पत्र्याचा डबा. पाणीसुद्धा न पिता त्यांनी डबा उघडला आणि आपले चार काढले. मामींनी मधली पायरी मोकळी ठेवली होती, उजवीकडे आमचे चार आधीच बसवले होते. अण्णांनी आपले चार डावीकडे बसवले. एक हिरव्या अंगरख्याचा, एक पिवळ्या, एक जांभळ्या, एक तांबड्या. चौघांच्या चेहऱ्यांवर चार वेगवेगळे स्वभाव. एक नुकताच काहीतरी चहाटळ बोलून गप्प झालेला, एक सरळ सरळ तापट. आणि त्यांच्या शेजारी माझी निळी पलटण, चारही तोंडं एकसारखी कडू.

अण्णा वाकून एकेक पाहत शेवटापर्यंत गेले आणि परत आले. काहीतरी हरवलेलं शोधावं तसं त्यांनी पुन्हा पाहिलं.

"अप्पा कोठें?" त्यांनी विचारलं.

मामींनी बोट उचललं. ते एकावर गेलं, तिथून दुसऱ्यावर गेलं, आणि हवेत थांबलं. वाफेचं सगळं त्यांनी सांगितलं, माळा सांगितला, चूक माझीच अण्णा असंही सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. चेहरा इतका केविलवाणा झाला होता की आजही तो आठवला तर मी हातातलं काम सोडून उठतो. "तूं हातांनीं केलास की. तुज ठाऊक असेल. यांत अप्पा कोणते रे?"

मामा खुर्चीत बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि माझ्याकडे पाहिलं. तोच क्षण होता. मला ठाऊक नाही, कारण मीच त्यांना घासून कोरं केलं, एवढंच म्हणायचं होतं. दोन वाक्यं. त्यानंतर मामींनी मला घराबाहेर काढलं असतं, किंवा नसतं. पण त्या भावापुढे दोषी ठरल्या नसत्या.

पुट्टीच्या पायाचा तो अप्पा नव्हे, एवढं मला माहीत होतं. उरलेल्या तिघांतल्या एकावर मी बोट ठेवलं. "हे," मी म्हणालो.

अण्णांनी चप्पल आधीच काढली होती. त्यांनी त्या निळ्या शिपायापुढे हात जोडले आणि डोकं टेकवलं. मामींनीही टेकवलं. मामांनी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं.

पुढचे नऊ दिवस मी ऑफिसच्या पहिल्या बसनं जात होतो आणि काम नसताना थांबत होतो. शेजारणी येत, निळ्या घोडेस्वारांची तारीफ करत, आणि मामी त्यांना सांगत की वरच्या मुलानं वाचवले नाहीतर गेलेच होते. मामा जिन्याशी भेटले की एक क्षण थांबत. मी 'आज उशीर झाला' किंवा 'फार ट्रॅफिक' असं काहीतरी पुटपुटून वर पळायचो. मी स्वतःला सांगत होतो की सण होऊन जाऊ दे, सणासुदीत कशाला. सणाची इतकी काळजी मी जन्मात कधी केली नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहुल्या उतरवल्या. मी पायऱ्या सुट्या करायला खाली आलो होतो. अण्णांनी पत्र्याचा डबा मागवला. मामी म्हणाल्या, "अण्णा, ते इथेंच ठेवून जाणार म्हणालास की?"

"राहूं दे," अण्णा म्हणाले. "तुज आतां सांभाळणें होत नाहीं."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच मामी म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आतून भांडं घासल्याचा आवाज यायला लागला. भांडी तर सकाळीच घासून झाली होती.

अण्णांचे हात कापत होते, म्हणून गुंडाळायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मी ते चौघे पहिल्यांदाच जवळून पाहिले. आणि तेव्हा मला त्या डोळ्यांचं कळलं. ते वटारलेले नव्हते. पायरीवर उंच बसलेली बाहुली खाली जमिनीवर बसलेल्या बायकांना दिसावी, म्हणून अप्पांनी डोळे मोठे काढले होते, पांढरं जास्त ठेवलं होतं. तीन फुटांवरून बघायचा सैनिक वेगळा रंगवतात आणि हातात धरून बघायचा वेगळा, हे आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी ते इतरांना लिहून समजावलेलं होतं. एका अनोळखी माणसाच्या एका ओळीसाठी मी हे विसरलो. चारही मी कापसात आणि कागदात गुंडाळले, घोड्यांच्या पायांमध्ये वेगळा कापूस घातला, डब्यात असे बसवले की तंजावरपर्यंत हलणार नाहीत. ते काम मी फार चांगलं केलं.

डबा घेऊन मी रिक्षापर्यंत गेलो. मामा फाटकाशी उभे होते. अण्णा आत बसले, डबा मांडीवर घेतला, आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला.

"तुझा हात फार चांगला आहे," ते म्हणाले. "माझी बहीण विसरभोळी झाली. वस्तु सांभाळणें तिज होत नाहीं आतां. तूं वर राहतोस, जरा लक्ष ठेव."

मामा माझ्यापासून हातभर अंतरावर होते. ते रिक्षाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "हो, ठेवतो."

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. दीड वर्ष मामा माझ्याशी त्यांच्या मराठीतच बोलत आले होते. ते आत जायला वळले, दोन पावलं गेले आणि मागे न बघता म्हणाले, "प्लीज क्लोज द गेट." त्यानंतर मी त्या घरात पाच महिने होतो, आणि तेवढ्या काळात ते माझ्याशी जे काही बोलले ते इंग्रजीत.